किल्ली मॅडमकडे आहे

फिजिओथेरपीचं किंवा ऑक्युपेशनल थेरपीचं कॉलेज कोणतंही असो, विभागात एक काचेचं कपाट असतंच. आत रुग्णाची चाचणी घेण्याची किट्स ओळीने मांडलेली. बोटांची चपळाई जोखणारा पर्ड्यू पेगबोर्ड, मिनिटात किती ठोकळे फळीपलीकडे जातात ते मोजणारी बॉक्स अँड ब्लॉकची पेटी, पकडीचा जोर दाखवणारा डायनामोमीटर. प्रत्येकावर पांढऱ्या रंगात डेडस्टॉक नंबर. कपाटाला कुलूप. किल्ली मॅडमकडे. मॅडम मीटिंगमध्ये.

या संग्रहाचा जन्म बहुधा मार्च महिन्यात होतो. अनुदान परत जाणार म्हटल्यावर विभागाला रुग्णांची आठवण येते. तीन दरपत्रकं मागवली जातात. काय मोजायचं आहे, हे त्यात कुणी विचारत नाही. किती रुपयांत बसवायचं आहे, ते आधीच ठरलेलं असतं. खोकी येतात, नोंद होते, फोटो निघतो. पहिल्या वर्षी मॅन्युअल हरवतं. दुसऱ्या वर्षी स्टॉपवॉच. जेब्सन हँड फंक्शन टेस्टमध्ये चमच्याने उचलायला राजम्याचे दाणे असतात. त्यांचं काय झालं, हे कँटीनवाल्यालाच ठाऊक.

एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. पुस्तकं वापरण्यासाठी असतात, हा त्यातला पहिला. आपल्या विभागांनी नियम पाळला, फक्त वापरणारा बदलला. कपाटाचा पुरेपूर वापर इन्स्पेक्शन कमिटी करते.

गंमत अशी, की रोज लागणारी कितीतरी साधनं जवळजवळ फुकटात पडतात. टाइम्ड अप अँड गो ही चाचणी १९९१ची. खुर्चीतून उठा, तीन मीटर चाला, वळा, परत येऊन बसा. लागलेले सेकंद मोजा. बर्ग बॅलन्स स्केलच्या चौदा कृतींना खुर्च्या, एक बुटकं स्टूल, पट्टी आणि घड्याळ पुरतं. दैनंदिन कामांत रुग्ण किती स्वावलंबी आहे, हे दहा बाबींत विचारणारा बार्थेल इंडेक्स १९६५ सालचा, एका कागदावर मावतो. पण तीन मीटर फरशीवर डेडस्टॉक नंबर कसा रंगवणार? आणि ज्यावर नंबर रंगवता येत नाही, ते आपल्याकडे ‘साधन’ ठरत नाही.

फुकटालाही मुदत असते, हा भाग वेगळा. मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन ही तीस गुणांची स्मृती आणि आकलनाची चाचणी १९७५ साली आली आणि पंचवीसेक वर्षं जगभर झेरॉक्सवर चालली. मग हक्कदारांना हक्क आठवले आणि फॉर्मागणिक पैसे सुरू झाले. अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी ‘स्वीट सिक्स्टीन’ नावाची मोफत पर्यायी चाचणी काढली, तर कॉपीराइटच्या दाव्यापायी तीही नेटवरून उतरवावी लागली. ‘मोका’ या तशाच दुसऱ्या चाचणीची कथा अशीच: आधी सर्वांना खुली, पुढे पैसे भरून प्रशिक्षण सक्तीचं. म्हणून संग्रह उभारताना ‘हक्क कुणाचा’ हा रकाना ‘किंमत किती’च्या आधी हवा. आपण मात्र सातव्या पिढीची झेरॉक्स वापरतो. तिच्यात कॉपीराइटची ओळ पुसट झालेली असते, त्यामुळे मनाला लागत नाही. सोबत गुण द्यायचे चौकोनही पुसट होतात, त्याचंही कुणाला काही वाटत नाही.

बरं, विकत घेतलेलं स्केल विचारतं तरी काय? एसएफ-३६ ही गाजलेली आरोग्य-प्रश्नावली मध्यम श्रमांची उदाहरणं म्हणून व्हॅक्यूम क्लीनर ढकलणं, बोलिंग आणि गोल्फ देते. साताऱ्याच्या आजींना गोल्फ विचारून बघा. ‘नाही जमत’ असं त्या प्रामाणिकपणे सांगतील आणि गुण जातील गुडघ्याचे. एफआयएम या स्वावलंबन मोजणाऱ्या स्केलमध्ये टबात उतरता येतं का, याला स्वतंत्र स्थान. उलट, आजींना हवं असतं ते जमिनीवर मांडी घालून बसणं आणि कुणाचा हात न धरता उठणं. बर्गच्या चौदा कृतींत जमिनीवरून उठणं नाही. म्हणजे छप्पन्नपैकी छप्पन्न गुण मिळवलेल्या आजी पंगतीत अडकून बसू शकतात.

आपल्याकडे काम झालेलंच नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. ऑक्युपेशनल थेरपीची देशातली पहिली शाळा कमला निंबकरांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात काढली. त्याच्याही आधी, १९३०च्या दशकात, व्ही. व्ही. कामतांनी बुद्धी मोजणारी बिने चाचणी मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी बसवली होती. नागपूरच्या डॉ. मॅलिन यांनी १९६९मध्ये वेक्सलरची चाचणी भारतीय मुलांसाठी आणली. लिहिता-वाचता न येणाऱ्या वृद्धांसाठी १९९५ साली हिंदीत एचएमएसई ही मिनी मेंटलसारखी चाचणी तयार झाली. पूर्वजांनी कष्ट केले. आपण त्यांच्या नॉर्म्सवर निवांत बसलो. आजच्या पोराची हुशारी त्याच्या आजोबांच्या वर्गाशी ताडून बघतो आणि सर्टिफिकेटवर आकडा टाकतो.

मग नवं काम कुठे आहे? त्याच कॉलेजच्या ग्रंथालयात, रेक्झिनच्या बांधणीत. एमपीटी, एमओटी या पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या प्रबंधांत कुणी ना कुणी एखादं स्केल मराठीत आणलेलं असतं, पन्नास-शंभर रुग्णांवर तपासलेलं असतं. मूळ कर्त्याची परवानगी, गुणांचा तक्ता, सगळं परिशिष्टात. व्हायवा झाला, पेढे वाटले, प्रबंध फडताळात. कॅटलॉगमध्ये विद्यार्थ्याचं नाव सापडतं, गाइडचं सापडतं. स्केलचं सापडत नाही. पुढच्या बॅचची मुलगी तेच स्केल पुन्हा मराठीत आणते. तिलाही पेढे.

ग्रंथपालाने आणि दोन इंटर्न्सनी महिनाभर बसून एक वही केली, तर निम्मा संग्रह त्यातच उभा राहील. एका ओळीत एक साधन: कोणत्या रुग्णासाठी, किती मिनिटं, काय सामान, चाचणी कुणी घ्यायची, हक्क कुणाचा, मराठी रूप आहे का, नॉर्म्स कुठल्या माणसांवरचे. किटमधले सुटे भाग मोजून घ्यायचे, मोजून परत करायचे. लायब्ररीत पुस्तकाची पानं फाडली तर दंड होतो, तसा हरवलेल्या ठोकळ्याला लावायचा.

आणि कमिटीने पुढच्या खेपेला कपाटाकडे पाठ करून लॉगबुक मागावं. गेल्या महिन्यात किती रुग्णांवर काय वापरलं? दाखल होताना घेतलेली चाचणी घरी सोडताना पुन्हा घेतली का? की केस प्रेझेंटेशन झाल्यावर रुग्ण बरा झाला, असं गृहीत धरलं? लॉगबुक कोरं असेल तर नवं किट नामंजूर. तेवढ्या पैशात चार स्टॉपवॉच, दोन स्टुलं आणि वर्षभराचा झेरॉक्सचा कागद येतो. उरलेल्यात कमिटीचं जेवणही बसतं. तो खर्च तर कुणी कधी नामंजूर केलेला नाही.