पस्तीस इंची मोह : एक चिकित्सा

पिकअप ट्रक म्हणजे पुढे माणसांसाठी केबिन आणि मागे मालासाठी उघडा हौदा असलेली गाडी, ही व्याख्या निर्दोष असली तरी अमेरिकेत, विशेषतः टेक्सास राज्यात, या गाडीचे चाक कोणत्या मापाचे असावे हा प्रश्न व्याख्येच्या कक्षेबाहेर पडून स्वभावशास्त्राच्या प्रांतात शिरतो. फोर्ड कंपनीने १९२५ मध्ये मॉडेल टी गाडीला कारखान्यातच हौदा बसवून ती २८१ डॉलरला विकायला काढली, तेव्हा तिचा ग्राहक शेतकरी, सुतार किंवा दुकानदार असे आणि चाकाच्या मापाविषयी त्याचे मत कोणी विचारीत नसे. शंभर वर्षांनंतर त्याच कंपनीची एफ-१५० घेणारा गृहस्थ दिवसभर संगणकासमोर बसून पोट भरणारा असतो, आणि तरीही, किंवा कदाचित त्यामुळेच, गाडी दारात उभी राहून महिना उलटत नाही तोच तिच्या चाकांकडे पाहून त्याला काहीतरी उणे वाटू लागते. हा गृहस्थ कधी कधी मराठी असतो, आणि अशा वेळी हौस व हिशेब या दोन प्रवृत्ती एकाच देहात नांदत असल्यामुळे अभ्यासकाला अधिक सामग्री मिळते.

या उणिवेची चिकित्सा करण्यापूर्वी टायरच्या साइडवॉलवरील, म्हणजे रिम आणि रस्त्याला टेकणारी नक्षी यांच्यामधल्या भागावरील, मजकूर वाचता यायला हवा. एफ-१५० च्या अनेक गाड्या ‘२७५/६५ आर १८’ या मापाच्या टायरांवर कारखान्यातून बाहेर पडतात. यातील २७५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी, ६५ हे साइडवॉलच्या उंचीचे त्या रुंदीशी असलेले शेकडा प्रमाण, आर म्हणजे रेडियल, अर्थात आतल्या दोऱ्यांचे थर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे टाकलेली आणि मिशलँ कंपनीने १९४६ मध्ये पेटंट घेतलेली रचना, आणि १८ हा रिमचा व्यास, तो मात्र इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्केवारी आणि इंच यांना शेजारी शेजारी बसविणाऱ्या या पद्धतीला युरोपीय-अमेरिकी गोंधळ म्हणण्याचा मोह मराठी वाचकाने आवरावा, कारण सोने तोळ्याने, तांदूळ किलोने, खोली फुटाने आणि जमीन गुंठ्याने मोजणाऱ्या समाजाला तो अधिकार राहिलेला नाही.

मापाच्या पुढे बहुधा ‘११६ टी’ अशी आणखी एक खूण असते. तिच्यातील आकडा म्हणजे भारांक, ज्यावरून एक टायर जास्तीत जास्त १२५० किलो वजन पेलू शकतो असे कोष्टकात पाहून समजते, आणि अक्षर म्हणजे वेगमर्यादा, जी टीच्या बाबतीत ताशी १९० किलोमीटर आहे. ही अक्षरे एस म्हणजे १८०, टी म्हणजे १९०, यू म्हणजे २०० अशी शिस्तीने चढत जातात आणि मग २१० च्या जागी, व्हीच्या आधी, अचानक एच येऊन बसतो; वर्णमालेत इतका मागे असलेला उमेदवार इतक्या पुढच्या जागी कोणाच्या वशिल्याने पोहोचला याची वाच्यता कोष्टकात नाही. सत्तर-पंचाहत्तर मैलांच्या वेगमर्यादेत जन्म काढणाऱ्या पिकअपला याचे सोयरसुतक नसले तरी मालक मात्र ही अक्षरे पाठ करतो, कारण मराठी मंडळाच्या स्नेहभोजनात ती उपयोगी पडतात.

वरील आकड्यांचा गुणाकार केला असता साइडवॉलची उंची १७९ मिलिमीटरच्या आसपास येते, तिच्या दुपटीत १८ इंचांचा रिम मिळविला की संपूर्ण चाकाचा व्यास सुमारे ८१५ मिलिमीटर, म्हणजे ३२ इंच भरतो. गृहस्थाला हवे असते ते ३५ इंची चाक, आणि ते ‘३५ × १२.५० आर २०’ अशा निराळ्या पद्धतीने लिहिले जाते, ज्यात सगळी मापे इंचांत असून पहिला आकडा थेट बाहेरचा व्यास सांगतो. ही पद्धत अगदी आधुनिक वाटत असली तरी मॉडेल टीचे टायरही ३० × ३½ असे, म्हणजे आधी व्यास आणि मग रुंदी या क्रमानेच ओळखले जात. फरक एवढाच की शतकभरात व्यास पाच इंचांनी वाढला आणि रुंदी साडेतीनपट झाली. ३३ इंची चाक बहुतेक गाड्यांना फारशी काटछाट न करता बसते, स्वस्त पडते आणि शहाणपणाचे ठरते, आणि नेमक्या याच कारणासाठी ते नाकारले जाते, कारण ३२ चे ३३ केल्याचे शेजाऱ्याच्या लक्षात येत नाही. २०२१ पासून फोर्डनेच आपल्या रॅप्टर या उंची अवतारासाठी कारखान्यातून ३७ इंची टायरांचा पर्याय उपलब्ध केल्यावर ३५ इंचवाल्यांच्या प्रतिष्ठेला जो धक्का बसला, त्याची नोंद समाजशास्त्राने अद्याप घ्यायची आहे.

रिमच्या व्यासाविषयी एक विसंगती येथेच नोंदविणे इष्ट ठरेल. बाहेरचा व्यास ३५ इंचच ठेवून रिम १७ इंची घेतला तर खड्डा आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये नऊ इंच रबर राहते, २० इंची घेतला तर साडेसात, आणि २२ इंची घेतला तर साडेसहा. म्हणून खरोखरच दगडधोंड्यांत गाडी घालणारा मनुष्य लहान रिम शोधतो, रॅप्टरलाही १७ इंचीच रिम असतो, आणि ज्याची गाडी ऑफिसच्या वाहनतळापलीकडे कोठे जाणार नसते तो मोठ्यात मोठा चकचकीत रिम व त्यावर चिखलातले बटणाचे टायर चढवितो, जे डांबरी रस्त्यावर विमानतळाच्या शेजाराची आठवण करून देणारा आवाज काढतात.

रिम गाडीला बसतो की नाही हे प्रथम बोल्टांच्या वर्तुळावर ठरते. समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यबिंदूंमधील अंतर म्हणजे या वर्तुळाचा व्यास. एफ-१५० ला २००४ पासून सहा बोल्ट आणि १३५ मिलिमीटरचे वर्तुळ आहे, तर शेवरोलेच्या त्याच वर्गातील सिल्व्हराडोला सहा बोल्ट आणि १३९.७ मिलिमीटरचे. फरक पाच मिलिमीटरांपेक्षाही कमी असला तरी या दोन घराण्यांत रोटीबेटी व्यवहार होत नाही, आणि दुसऱ्याच्या गाडीचे रिम स्वस्तात मिळाले म्हणून उचलून आणणाऱ्यास ते परत नेऊन द्यावे लागतात.

बोल्ट जुळल्यावर खरे गूढ सुरू होते, ते ऑफसेटचे. रिमचा जो पृष्ठभाग हबला, म्हणजे चाक ज्यावर बोल्टांनी बसते त्या तुंब्याला, टेकतो तो रिमच्या मध्यरेषेपासून जितका बाहेरच्या बाजूला असेल तितका ऑफसेट धन, आणि आतल्या बाजूला असेल तितका ऋण. धन ऑफसेटचे चाक गाडीच्या पोटात राहते, ऋण ऑफसेटचे चाक मडगार्डबाहेर डोकावते. मूळ रिम साडेसात इंच रुंद आणि त्याचा ऑफसेट अधिक ४४ मिलिमीटर धरला, तर त्याची बाहेरची कड हबपासून ५१ मिलिमीटर पुढे येते. दुकानात टांगलेला दहा इंच रुंद आणि उणे १८ ऑफसेटचा रिम घेतला, तर तीच कड १४५ मिलिमीटर पुढे येते. म्हणजे प्रत्येक बाजूला गाडी साडेतीन इंचांहून अधिक फुगते, आणि पावसात चाकांनी उडविलेला चिखल जो पूर्वी मडगार्डच्या आत विरत असे तो आता स्वतःच्याच दारांवर आणि मागून येणाऱ्याच्या काचेवर समसमान वाटला जातो. व्हील बेअरिंगवर पडणारा ताण वाढतो, जड चाक थांबविण्यासाठी ब्रेकला अधिक कष्ट पडतात, आणि स्टिअरिंग पूर्ण वळविले की टायरचा कोपरा बंपरच्या मागच्या बाजूला घासून असा आवाज येतो की गृहस्थाची पत्नी प्रथमच या विषयात रस घेऊ लागते. घासणे थांबविण्यासाठी आतले प्लॅस्टिक कापावे लागते, ते पुरले नाही तर गाडी उचलण्याचा संच बसवावा लागतो, उचललेल्या गाडीचे अलाइनमेंट बिघडते म्हणून सस्पेन्शनचे आणखी काही भाग बदलावे लागतात, आणि नाकापेक्षा मोती जड होणे म्हणजे काय याचे इतके टप्प्याटप्प्याने, पावतीसह मिळणारे प्रात्यक्षिक अन्यत्र दुर्मीळ आहे. काही दक्षिणी राज्यांत तर गाडीचे फक्त नाक उचलून शेपूट जमिनीलगत ठेवण्याची तऱ्हा रूढ झाली, ज्यामुळे चालकाला पुढच्या रस्त्याऐवजी आकाश दिसू लागले. नॉर्थ कॅरोलायनाने २०२१ मध्ये त्यावर कायद्याने बंदी आणली.

मराठी गृहस्थाच्या बाबतीत मात्र खरी परीक्षा ॲव्हरेजची असते. गाडीचा वेगदर्शक चाकाचे फेरे मोजतो आणि प्रत्येक फेऱ्यात गाडी किती पुढे सरकली हे कारखान्यात सांगितलेल्या मापावरून ठरवितो; चाक नऊ टक्क्यांनी मोठे झाल्याची वार्ता त्याला कोणी दिली नसेल, तर काटा ७० दाखवीत असताना गाडी प्रत्यक्षात ताशी ७६ मैलांनी धावत असते, ज्याचा साक्षात्कार पोलिसाच्या गाडीचे दिवे आरशात लुकलुकल्यावर होतो. तोच अज्ञ यंत्रभाग अंतरही कमी मोजतो, म्हणजे शंभर मैल कापले की नोंद सुमारे ९२ चीच होते. आता जड व रुंद टायरांमुळे इंधन अधिक लागते हे खरेच आहे, शिवाय ३.५५ चे ॲक्सल गुणोत्तर, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे पडणारे शाफ्टचे फेरे, मोठ्या चाकामुळे सव्वातीनसारखे वागू लागते आणि इंजिनाला सुटताना जोर लावावा लागतो. पण वहीत प्रत्येक वेळी भरलेले गॅलन आणि झालेले मैल लिहून भागाकार करणाऱ्या गृहस्थाला जी घसरण दिसते तिच्यातील बराच भाग गाडीने खाल्लेला नसून काट्याने खाल्लेला असतो. समजा पूर्वी २० मैलांचे ॲव्हरेज होते आणि ते खरोखर १८ वर आले, तर वही साडेसोळा दाखविते. या दीड मैलाच्या काल्पनिक दुःखावर उपाय सोपा आहे, तो म्हणजे गाडीच्या संगणकात नव्या चाकाचा घेर भरणे. परंतु तसे केले की गाडीचे मैल पुन्हा खऱ्या गतीने वाढू लागतात, आणि पुढे-मागे गाडी विकताना कमी मैल दिसण्याचा जो छुपा दिलासा होता तो जातो, म्हणून गृहस्थ हे काम पुढच्या शनिवारवर ढकलतो.

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट घेऊन उभ्या असलेल्या पिकअपच्या चालकाशी या मंडळींची तुलना केली असता तत्त्वज्ञानाचा भेद स्पष्ट होतो. त्याला व्यासाशी कर्तव्य नसते; तो टायरवाल्याला प्लाय किती हे विचारतो, कारण कागदावर लिहिलेले वजन आणि हौद्यात चढलेले वजन यांच्यातील तफावत अखेर टायरलाच सोसावी लागते, आणि टायर पार गोटा होईपर्यंत त्याची स्टेपनीत बदली होत नाही. प्लाय म्हणजे टायरच्या आतील कापडी थर. सुती धाग्याच्या काळात ते खरोखर मोजता येत, आता दहा प्लाय म्हणजे पूर्वीच्या दहा सुती थरांइतकी ताकद एवढाच अर्थ उरला आहे आणि आत थर त्याहून बरेच कमी असतात. अमेरिकेत याच ताकदीला ‘ई’ हे अक्षर आहे आणि अशा टायरवर बहुधा ८० पौंड दाबाचा उल्लेख असतो. तो टायरने सोसायचा कमाल दाब असून गाडीसाठी सांगितलेला दाब चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर, साधारण ३५ च्या घरात, छापलेला असतो. अर्थात ती पट्टी मूळ टायरांपुरती खरी असते आणि जाड टायरला तेवढेच ओझे उचलायला थोडी जास्त हवा लागते, पण गृहस्थ साइडवॉलवर वाचलेले ८० पुरेपूर भरतो आणि मग गाडी प्रत्येक सांध्यावर टणाटण उडते याचे खापर टेक्सासच्या रस्त्यांवर फोडतो.

एवढे सगळे झाल्यावर आई-वडील सहा महिन्यांसाठी येतात. गणेशोत्सवाला निघताना वडील, जे वीज मंडळातून निवृत्त झालेले असल्यामुळे कोणतीही पाटी न वाचता पुढे जात नाहीत, दाराच्या चौकटीवरील पट्टी वाचतात, मग वाकून टायर वाचतात आणि ‘अरे, इथे एक लिहिलंय नि तिथे भलतंच’ एवढेच म्हणतात. जरीची साडी नेसलेल्या आईचा पाय केबिनच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचत नाही. तेव्हा गृहस्थ गॅरेजात जातो, जेथे गाडीसोबत आलेले चारही टायर, टाकून द्यायचा जीव न झाल्यामुळे, रिमसकट एकावर एक रचून ठेवलेले असतात. त्यातला एक तो आडवा ठेवतो, त्याची उंची पावणेअकरा इंच, म्हणजे पायरीला अगदी बेताची भरते, आणि आई वर चढून बसते. उतरतानाही लागेल म्हणून वडील तो टायर हौद्यात टाकायला सांगतात, आणि देवळाच्या वाहनतळावर तो पाहून आणखी दोन एफ-१५० वाले मराठी गृहस्थ आपापल्या सासूबाईंसाठी त्याचे माप विचारून घेतात.