गिऱ्हाईकसाहेब, मंदी तुम्हीच आणली!

प्रति,
मा. गिऱ्हाईकसाहेब,
राहणार : अमरावती, अकोला आणि मधली सगळी गावं
हल्ली मुक्काम : लेकाकडे, पुणे

विषय : वऱ्हाडातल्या बांधकाम धंद्यात आपण परस्पर मंदी आणल्याबाबत.
संदर्भ : सॅम्पल फ्लॅट पाहून, चहा पिऊन, "पाहू बा, घरी इचारतो" असं आपलं तोंडी आश्वासन.

महोदय,

पत्र उघडंच लिहितो, कारण फोन आपण उचलत नाही. आमची एक स्कीम अमरावतीत कठोरा रोडला आहे, दुसरी अकोल्यात कौलखेडच्या अंगाला. सात-सात मजले, बाहेरून निळी काच, गेटवर सिमेंटचे दोन घोडे. लोक येतात, घोड्यांसोबत फोटो काढतात आणि जातात. आमच्या धंद्यात याला मंदी म्हणतात.

आधी आपल्यावर झालेले उपकार वाचा. रिझर्व्ह बँकेनं २०२५ या एका वर्षात रेपो दर साडेसहावरून सव्वापाच टक्क्यांवर आणला. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांचा १८ झाला. दुसरा कोणी असता तर त्याच संध्याकाळी टोकन देऊन मोकळा झाला असता. आपण काय विचारलंत? "मंग फ्लॅटचे भाव काहून नाही उतरले, जी?"

आता हिशेब ऐका. १ एप्रिल २०१९ पासून बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर आपल्याकडून फक्त ५ टक्के जीएसटी घेतात, परवडणारं घर असेल तर १ टक्का. त्या बदल्यात सिमेंट-लोखंडावर आम्ही भरलेला कर आम्हाला वळता करून मिळत नाही. म्हणजे सिमेंटवरचा कर उतरला तो फायदा थेट आमचा. त्यात आनंद मानायचा सोडून आपण वाटा मागता! वर कोणीतरी आपल्या कानात सांगून ठेवलंय की पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या फ्लॅटवर जीएसटी लागतच नाही. झालं, आपण म्हणालात, "पूर्ण झाल्यावर येतो." आम्ही ठरवलंय, आपण आल्यावर पूर्ण करू. कोण आधी थकतं ते पाहू.

एप्रिल २०२५ मध्ये रेडी रेकनरचे दर अमरावतीत सरासरी ८ टक्क्यांच्या आणि अकोल्यात ७ टक्क्यांच्या वर वाढले. सरकारनं कागदोपत्री आपल्या शहरांची किंमत वाढवली, केवढी अभिमानाची गोष्ट! आपण स्टॅम्प ड्युटी किती वाढली तेवढं विचारलंत.

बँकवाल्यानं आपल्याला दरमहा हप्ता समजावून सांगितला. आपण शांतपणे ऐकून म्हणालात, "आमचा पैसा महिन्याले येत नाही साहेब, सीतादही होऊन कापूस विकला का येते." २०२२ साली अकोटच्या बाजारात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता, तेव्हा आपण किती शोभून दिसत होता! पिशवीत बंडलं घेऊन प्लॉट विचारत फिरत होता. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये होता आणि आपण कपास किसान ॲपवर नोंदणी होते का ते पाहत बसलात. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं कापसाचं ११ टक्के आयातशुल्क माफ केलं, तेही आपण आम्हालाच ऐकवता. सोयाबीनचं नाव काढलं तर चहा अर्धा टाकून उठता. कापसाच्या भावाचा आणि आमच्या सातव्या मजल्याचा काय संबंध? आमचा मार्केटिंगचा पोरगा पुण्याहून जे प्रेझेंटेशन घेऊन आला, त्यात कापूस हा शब्दच नाही.

सॅम्पल फ्लॅटवर तर आपण सहकुटुंब आलात आणि आमची इज्जत काढलीत. मॉड्युलर किचन पाहून वहिनी म्हणाल्या, "वर्षाचा गहू कुठी ठेवाचा?" आम्ही सरकती ट्रॉली ओढून दाखवली. "यात तिखटाचा डबा बसन." मग आपण हॉलच्या काचेपुढे उभे राहिलात. "अन कूलर कुठी लावाचा?" आम्ही एसीचा पॉइंट दाखवला. आपण बिल कोण भरेल ते विचारलंत. साहेब, त्या इलेव्हेशनसाठी आम्ही नागपूरहून माणूस आणला. त्याच्या निळ्या काचेतून लोखंडी स्टँडवर ठिबकणारा कूलर बाहेर लोंबकळला तर त्यानं कोणाला तोंड दाखवावं? मे २०२४ मध्ये अकोल्याचा पारा ४५ अंशांवर गेला आणि जिल्हाधिकाऱ्यांना उन्हापायी कलम १४४ लावावं लागलं, हे कबूल. पण पश्चिमेच्या काचेतून सूर्यास्त किती देखणा दिसतो, याबद्दल आपण चकार शब्द काढला नाहीत.

आजींनी न्हाणीतला नळ सोडून पाहिला आणि पाणी कितव्या दिवशी येतं ते विचारलं. "लिफ्ट बंद पडली त मले कोण नेईन वर?" असंही विचारलं. आपण मोबाइलचा टॉर्च लावून पार्किंगमधल्या कॉलमच्या बुडाशी वाकलात. "कायी माती हाय. पाया किती खाली नेला?" काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात घालावा एवढ्या भेगा पाडते, आणि पाया वरवरचा असला की भिंतीही तिच्यासोबत हलतात, हे आपल्याला घरबसल्या माहीत. म्हणून तर आपल्याकडे माती उपसून मुरमाचा भराव देतात. आम्ही लगबगीनं फॉल्स सीलिंगमधले रंगीत दिवे लावले. आपण वर पाहिलंच नाही.

विकासाचं आपल्याला काडीचं कौतुक नाही. १६ एप्रिल २०२५ ला बेलोऱ्याहून मुंबईचं विमान सुरू झालं आणि आम्ही लगेच फलक लावला : 'विमानतळ अवघ्या १० मिनिटांवर!' आपण फलक वाचलात. "कठोऱ्यावरून दहा मिनिटांत बेलोऱ्याले जाच्याले त विमानच लागन." सप्टेंबर २०२४ मध्ये नांदगाव पेठच्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कचं भूमिपूजन झालं, तेव्हा आम्ही तिथल्या भावी कामगारांसाठी भाव वाढवून ठेवले. आपण म्हणालात, आधी कामगार येऊ द्या. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर एकपदरी ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत पडलं, गिनीज बुकात नाव गेलं. आम्ही तो विक्रम ब्रोशरवर छापला. आपण तोच आमच्या तोंडावर फेकलात : "साडेचार दिसात पंचाहत्तर किलोमीटर, अन तुमचा जिना दोन वर्सापासून अर्धाच?" तो रस्ता त्याआधी किती वर्षं रखडला होता, ते मात्र सोयीस्कर विसरलात.

महारेराचा नंबरही आपणच मागितलात. आमच्या तिसऱ्या, छोट्या स्कीमला तो नाही. आठपर्यंत फ्लॅट असले तर कायद्यानं नोंदणी लागत नाही, आणि तिथे नववा फ्लॅट नेमका वास्तुशास्त्रात बसत नव्हता.

एवढे चौकस आपण, पण रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला उतरलात की काय होतं? वाघोलीत, वाकडला, हिंजवडीत अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट कागदावर पाहून सही ठोकता. तिथे पाणी टँकरचं, गव्हाला जागा नाही, पाया कोणत्या मातीत आहे ते देवाला ठाऊक. एक प्रश्न नाही! का, तर म्हणे, "पोरगं जिथं नोकरीले, घर तिथं." म्हणजे इथे आम्ही नुसतं घर बांधून भागणार नाही, नोकरीही सोबत द्यायची? ब्रोशरमध्ये क्लब हाउस आहे, स्विमिंग पूल आहे. नोकरी हा ॲमेनिटीजचा भाग नाही.

सगळ्यात संताप याचा की आपण इथे खर्च करत नाही, असंही नाही. अकोल्यात नीट-जेईईच्या क्लासला बाहेरगावची पोरं येतात, म्हणून आपण जुन्या घरावर मजला चढवून चार खोल्या काढल्या. आजींसाठी तळमजल्यावर कमोड बसवून घेतला, न्हाणीत धरायला दांडा ठोकला. गच्चीचं गळणं थांबवलं, अंगणात जमिनीखाली पाण्याचं मोठं टाकं बांधलं. आपले साडू तर गावाबाहेर दोन खोल्यांचं, पण स्वतःच्या जमिनीवरचं रो-हाउस शोधत फिरतात. हार्डवेअरवाल्याला बोलायला फुरसत नाही. फरशीवाल्याला महिनाभर आधी सांगून ठेवावं लागतं, तरी तो येतो म्हणून येत नाही. सगळ्यांना काम आहे, फक्त आमच्या साइटवर वॉचमन आणि घोडे. याला मंदी नाही तर काय म्हणायचं?

पण आम्ही हरणारे नाही. मागणी बदलली असेल तर आम्हीही बदलू. आपल्याला पुण्याचंच वेड आहे ना? फेज-२ चं नाव 'लिटल हिंजवडी' ठेवलं आहे. मजले चौदा. कूलरची तक्रार लक्षात घेऊन काच निळ्याऐवजी हिरवी घेतोय, डोळ्यांना थंड. आणि वहिनींना सांगा, गव्हाचाही विचार केला आहे : हॉलच्या भिंतीवर आख्खं गव्हाचं शेत असलेला वॉलपेपर लावतोय.

बुकिंगला सहकुटुंब यावे. टॉर्च आणू नये.

आपलाच,
एक वऱ्हाडी डेव्हलपर

प्रत माहितीसाठी : मा. शाखाधिकारी, आमची बँक (हप्त्याबाबत या आठवड्यात फोन करू नये, ही विनंती).

ता.क. : आपल्या गच्चीचं काम उरकलं की आमचा मिस्त्री परत पाठवावा. त्याला म्हणावं, चार दिवस नुसता साइटवर उभा राहा, रोजी देतो. बँकेचा माणूस पाहणीला येणार आहे.