गनिमी कावा, मार्गे चाळकवाडी

कंपनीत जन्म काढलेल्या माणसाला सरप्राइज देता येत नाही. भोंगा, पंचिंग, कंपनीची बस, फर्स्ट, सेकंड, थर्ड. अमुक वाजता हा गृहस्थ कुठे असेल, हे सगळ्या आळीला पाठ. टेल्कोतून निवृत्त होऊनही (तिला आता टाटा मोटर्स म्हणतात हे मला ठाऊक आहे, पण आमच्या यमुनानगरात अजून टेल्कोच) माझे डोळे फर्स्ट शिफ्टलाच उघडतात. त्यामुळे डिसेंबरातल्या एका रात्री सौ. म्हणाली, "अहो, उद्या नाशिकला जाऊ. न सांगता," तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, "किती वाजता रिपोर्टिंग?"

न सांगण्यामागे तिचं शास्त्र होतं. सांगून गेलं की सून घर आवरून ठेवते, मग त्या आवरलेल्या घरात आपण कुठे बसायचं ते कळत नाही. शिवाय मुलगा सारखा म्हणतो, "बाबा, हायवेला गाडी आता चालवू नका." न सांगता पोचलो की तोंड आपोआप बंद.

पुण्याहून नाशिकला थेट रेल्वेमार्ग नाही. एसटी आहे, पण सौ.चं सामान पाहता एसटीला स्वतंत्र टपाची गाडी जोडावी लागली असती. डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, सोललेले पावटे, नातीचा स्वेटर आणि अर्धं पोतं कांदे. नाशिकला कांदे! ज्या जिल्ह्यात लासलगाव आहे, त्या जिल्ह्यात!

"ते लासलगावचे," ती म्हणाली, "हे चाकणचे."

तिचं माहेर चाकणजवळचं. विषय संपला.

गाडी आमची इंडिका. १९९८ च्या अखेरीस इंडिका बाजारात आली तेव्हा मी पिंपरीत असेंब्लीला होतो. पुढे स्वतःची घेतली, आणि अजूनही तिचं बॉनेट उघडलं की ओळखीचं कुणी भेटल्यासारखं वाटतं. तिच्या काचेवर २०२१ साली फास्टॅग आला. ते काम मुलानं परस्पर स्वतःच्या मोबाइलवरून उरकलं. "रिचार्जचं मी बघतो, तुम्ही डोकं घालू नका," म्हणाला. आम्ही घातलं नाही.

पहाटे पाचला निघालो. स्पाइन रोड मोकळा, मोशीला इंद्रायणीवर पांढरं धुकं, मी कानटोपीत आणि सौ. माझ्या मफलरमध्ये. असं कुठवर? चाकणपर्यंत. इथल्या संग्रामदुर्गात फिरंगोजी नरसाळ्यानं १६६० साली शाहिस्तेखानाच्या अफाट फौजेला जवळजवळ दोन महिने रोखून धरलं होतं. ही वाट अडवण्याची परंपरा गावानं आजतागायत निष्ठेनं पाळली आहे. पुढे नव्याकोऱ्या मोटारी पोटात घेतलेला लांबलचक ट्रेलर, डाव्या बाजूला थर्ड शिफ्ट सुटलेल्या कंपनीच्या बसा, त्यांच्या काचांना डोकं टेकून झोपलेली पोरं, उजवीकडे कांद्याचा टेम्पो. तळेगाव चौकात आम्ही इतका वेळ उभे राहिलो की टेम्पोवाल्याकडून सौ.नं कांद्याचा चालू भाव, त्याची सासुरवाडी आणि ती आपल्या मामाच्या गावाजवळ असल्याचं काढून घेतलं.

"इतका वेळ तर मी नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेतही बसलो नव्हतो," मी वैतागून म्हणालो.

"कसं नाही? त्या दिवशी तुम्ही दिवेलागणीला परत आलात."

"रांग होती," म्हणालो आणि उगाचच गिअर बदलला.

पुढे रस्ता सुरेख. फार सुरेख. खेडचा घाट बाहेरून, मंचर बाहेरून, नारायणगाव बाहेरून. पूर्वी नाशिकला जाताना वाटेतली गावं लागायची, आता त्यांच्या पाट्या लागतात. नारायणगावात मिसळ खायची असा सौ.चा बेत होता. तो मागे पडल्याचं कळेपर्यंत टोमॅटोची शेतं सुरू झाली होती. जवळच खोडदला जीएमआरटीची दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेली पुसटशी रेडिओलहर टिपणाऱ्या. तिथं बाहेरच्या लहरींची जराही गडबड चालत नाही. नियोजित पुणे-नाशिक रेल्वेलासुद्धा तिच्यापायी वाट वाकडी करावी लागली. आकाशातलं काहीही ज्यांच्यापासून लपत नाही त्यांच्या शेजारून आपण गुपचूप चाललोय, या विचारानं मला उगाच हुशारी आली.

चाळकवाडीचा टोलनाका आला. दांडी आपसूक वर गेली. पावती नाही, सुट्टे नाहीत, कुणी "कुठं निघालात?" विचारलं नाही.

"बघ," मी म्हणालो, "कुणाला पत्ता नाही."

आळ्याला थांबलो. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले, त्या रेड्याची समाधी इथं आहे. सौ.नं दर्शन घेतलं, मग तिथल्या आजीबाईंशी बोलणं निघालं, मग कंटेनरांच्या गर्दीत चहा झाला. आणि फोन वाजला. चिरंजीव.

"बाबा, काय चाललंय?"

"काही नाही, पेपर वाचतोय."

मागे एका ट्रकनं सनईच्या सुरात हॉर्न दिला.

"लग्न आहे का कुठे?"

"शेजारी. बँड आलाय."

"सकाळी साडेआठला?"

"मुहूर्त लवकरचा आहे," असं सौ.नं फोनजवळ तोंड आणून सांगितलं आणि वर कुकरच्या दोन शिट्ट्या काढल्या. या कलेचा चाळीस वर्षांत मला सुगावा नव्हता.

"बरं, बरं," तो म्हणाला. "जरा जपून… वाचा पेपर."

ते 'जपून' मला खटकायला हवं होतं. पण चंदनापुरी आलं, हिवरगाव पावसाची दांडी तशीच अदबीनं वर गेली, सिन्नरला बोचरा वारा सुरू झाला आणि सौ.नं मफलर परत न करण्याची कारणं सांगायला घेतली.

नाशिकला सोसायटीच्या वॉचमननं नाव न विचारता फाटक उघडलं. बेल दाबायच्या आत दार उघडलं. आत साबुदाण्याच्या वड्यांचा वास आणि दारात मुलगा, दोन्ही हात हवेत: "अरे! आई! बाबा! तुम्ही?" हा शाळेच्या गॅदरिंगमध्ये झाडाचं काम करायचा, त्याहून मोठी भूमिका त्याला का दिली नाही, ते तेव्हा कळलं.

तेवढ्यात नात पुढे आली. "आजोबा, चाळकवाडीनंतर तुम्ही कुठे गेला होतात? बाबा घाबरले ना!"

मग खुलासे झाले. टोलवर दांडी वर गेली की फास्टॅगचा मेसेज त्याच्या मोबाइलवर. चाळकवाडीला कळलं की आईबाबा निघालेत, हिवरगाव पावसाला कळलं की शाबूत आहेत, मग सुनेनं वडे थापायला घेतले. मधल्या रेड्याच्या समाधीनं तेवढी त्याच्या हिशेबाची वाट लावली होती.

"म्हणजे आमचं सगळं जाणं-येणं तुला कळतं?" सौ.नं लाडवांचा डबा उघडता उघडता कौतुकानं विचारलं.

"सगळं. हे बघ," म्हणत त्या गाढवानं मेसेज मागे सरकवले. "हे आजचे. हे नोव्हेंबरातले. सोमाटणे… वरसोली… लोणावळ्याला गेला होतात ना? भजी खायला? मला म्हणायचं होतं, थंडीत आईला एवढं फिरवता…"

खोलीत कुणी बोलेना. मी नातीचा स्वेटर उलटसुलट करून पाहू लागलो. फार बारीक वीण होती.

"तो गुरुवार होता का रे?" सौ.नं विचारलं.

"हो, गुरुवारच."

तिनं डब्याचं झाकण पुन्हा लावलं, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि स्वतःचा मोबाइल मुलापुढे धरला.

"हे मेसेज माझ्याकडे येतील असं करता येतं का?"