सांदवाडीचे काकाजी

वैनगंगेच्या अलीकडे जा की पलीकडे जा, भंडारा जिल्ह्यातल्या प्रत्येक खटल्यात एक काकाजी असतातच. हयात नागपुरात सरकारी टेबलामागे गेलेली, पेन्शन वेळेवर, गुडघे अवेळी कुरकुरणारे, आणि मोहाडी-लाखनीकडच्या एखाद्या गावात वडिलोपार्जित कवेलूचं घर. घरामागे सांदवाडी, म्हणजे परसबाग. पणजोबांकडे म्हणे मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, होती. ती 1951 साली कायद्याने गेली. कागदावरून गेली, दप्तरातून गेली, काकाजींच्या आवाजातून मात्र अजून जायची आहे. आज त्यांच्या अमलाखाली तीन आंबे, एक लिंबू, एक शेवगा, विहीर आणि काकी एवढाच मुलूख उरला आहे. त्यातही काकींवरचा दावा कोर्टात टिकेल असं वाटत नाही.

इतर ऋतूंत काकाजी निरुपद्रवी असतात. पावसाळ्यात रोवणीची चिंता करतात, दिवाळीनंतर मंडईच्या जत्रांत आणि नाटकांत रात्री जागवतात. पण होळी आटोपली, पळस फुलून गेला, की त्यांचा फोन नात्यागोत्यात फिरू लागतो. "का जी, उन्हाळ्यात येऊन राहिले ना? येजा बरं. इथं काही नाही, साधंच आहे आपलं." पुणे, मुंबई, नाशिक, सगळीकडे हा फोन जातो. पोरांना सुट्ट्या लागतात, पुण्याचा भाचा लॅपटॉप घेऊन निघतो, सुनेला वाटतं चार दिवस निवांत झोपू. निवांतपणाबद्दल काकाजींची कल्पना काय आहे, हे तिला अजून ठाऊक नसतं.

पाहुणे पोचतात ते भर दुपारी. काकी पाण्याचा तांब्या पुढे करतात तोवर काकाजी चपला घालून मागच्या दाराशी उभे. सांदवाडी आधी पाहायची, मग पाणी. बाहेर पारा चाळिशी ओलांडून गेलेला. "तपन काहीच नाही जी! मे महिन्यात येजा, मग कळन तपन काय असते." आणि मग झाडांशी ओळख. आपल्याकडे माणसांची ओळख करून देतानाही कुणी इतका वेळ घेत नाही. हा शेप्या, याला शेपूचा वास. तो शेंदऱ्या, पाडाला आला की गालाला शेंदूर फासल्यागत दिसतो. आणि विहिरीकडचा खोबऱ्या, पणजोबांच्या हातचा. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा, प्रत्येकाचं बहराचं वर्ष वेगळं, आणि प्रत्येकाच्या फांदीवरून कोण कधी पडलं याची बखर तोंडपाठ. पुण्याचा भाचा घाम पुसत विचारतो, "यातला खायचा कोणता?" उत्तर ठरलेलं: कोणताच नाही. एक तर झाडावर सध्या नुसत्या कैऱ्या, आणि पिकला तरी अक्षय तृतीयेला पितरांना दाखवल्याशिवाय आंबा तोंडात घालायचा नाही. म्हणजे जे खायचं नाही ते पाहायला ही उन्हातली वरात.

खरं सांगायचं तर कैऱ्यांचे मालक काकाजी नाहीतच. ते कवेलूंवर बसलेले असतात, काळ्या तोंडाचे, लांब शेपटांचे. वानरांची टोळी दुपारी येते, प्रत्येक कैरी एकदा चावून पाहते आणि आंबट निघाली म्हणून खाली टाकते. काकाजींच्या उशाशी गलोल असते. तिचा नेम आजवर फक्त शेजारच्या कवेलूला लागलेला आहे. हनुमान जयंतीच्या दिवशी तीही वर्ज्य. त्या दिवशी वानरांना हात जोडायचे असतात, आणि वानरांना ते पक्कं माहीत असतं.

काकाजींच्या सुखांचा मुकुटमणी म्हणजे मोह. मार्च-एप्रिलात मोहाची फुलं पहाटे गळतात. मांसल, पिवळट पांढरी, गोड रसाने भरलेली फुलं अंधारातच टपटप खाली येतात, आणि ऊन वर यायच्या आत वेचली नाहीत तर गुरं येतात, हरणं येतात, जंगलाजवळ असाल तर अस्वलही येतं. झाडाखालचा पाला आदल्या दिवशी झाडून जागा स्वच्छ करावी लागते. गावातल्या बायका हे पोटासाठी करतात: टोपल्या भरतात, अंगणात वाळवतात, विकतात. पूर्वी फुलं साठवायला, वाहून न्यायला परवान्याची भानगड होती. 2021 साली सरकारने ती बंधनं उठवली. तेव्हापासून काकाजी चारचौघांत मोहाबद्दल मोठ्याने बोलतात. त्याआधी हळू बोलत, एवढाच फरक.

तर पहाटे साडेचारला काकाजी बाजेचा पाय लाथेने हलवतात. "उठा जी, मोह पडून राहिला!" कुठेतरी आग लागली असावी अशा समजुतीने सगळे उठतात. टॉर्च, टोपल्या, डोळे चोळणारी पोरं, लॅपटॉप उराशी धरलेला भाचा, अशी ही दिंडी धुऱ्यावरच्या झाडाकडे निघते. आणि इथे मला काकाजींच्या बाजूने साक्ष द्यावी लागेल. त्या अंधारात, वारा पडलेला असताना, त्या झाडाखाली उभं राहिलं की एक जड, गोडसर, थोडा नाकात चढणारा वास येतो, आणि चारी बाजूंनी नुसती टपटप. डोक्यावर पडतं, खांद्यावर पडतं. सुनेची झोप उडते. पोरगं एक फूल तोंडात टाकतं, तोंड वाकडं करतं, आणि दुसरं टाकतं. काकाजी तेवढ्यापुरते गप्प असतात. वर्षातून त्यांना गप्प पाहायचं असेल तर याच वेळी जावं लागतं.

मग उजाडतं आणि ते पुन्हा बोलू लागतात. वेचायला मात्र वाकत नाहीत, गुडघे. ते उभे राहून कुठे राहिलं ते काठीने दाखवतात.

घरी आल्यावर त्या फुलांचं काय करायचं हा प्रश्न काकींचा. चाळा, कुसळ काढा, वाळवा, भाजा, लाडू करा. पन्ह्याच्या कैऱ्या उकडा. शेवया, सरगुंडे आणि कुरड्यांचं वाळवण वानरांपासून राखा. रांजण भरा, अंगणात सडा घाला, रात्रीच्या बाजा बाहेर काढा, मच्छरदाण्यांच्या काड्या बांधा. तलाव आणि बांध्यांचा मुलूख. डासांना इथे कधी दुष्काळ पडत नाही. काकाजी छपरीत बसून पुण्याच्या भाच्याला सांगत असतात, "पाह्य, किती कमी गोष्टीत मानूस सुखी राहते." आतून काकींचा आवाज येतो: "साधं राहाचं म्हनजे घरात चार हात जास्तीचे लागतेत जी."

काकाजींना कमी ऐकू येतं. सोयीने येतं.

आता कूलर. विदर्भात उन्हाळ्याचा खरा पाडवा म्हणजे कूलर खिडकीत बसण्याचा दिवस, आणि त्याचा मुहूर्त काढण्याचा हक्क काकाजींकडे आहे. रामनवमीच्या आधी कूलर लावणारा माणूस त्यांच्या हिशेबी वाया गेलेला. "मातीचं घर आहे. भिंती दीड हात रुंद. कवेलूखाली माळा. बाहेरची तपन आत येतच नाही." यातही खोटं काही नाही, दुपारी त्या घरात शिरलं की डोळ्यांवर अंधार आणि अंगावर गारवा एकदमच येतो. पण हा गारवा साधारण दोनपर्यंत टिकतो. त्यानंतर सगळं खटलं ओल्या फरशीवर पालथं पडून रामनवमीची वाट पाहतं. रामजन्म झाला की काकाजी स्वतः कूलर पुसतात, टट्ट्यांत नवं गवत भरलं जातं, पंपाला तेल, टाकीत पाणी, आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईच्या हस्ते बटण. पंखा फिरतो, ओल्या गवताचा वास सुटतो, पोरं टाळ्या वाजवतात. आणि लाइन जाते.

लाइन गेली की संध्याकाळी तलाव. हा जिल्हाच तलावांचा. कोहळी लोकांनी काही शतकांपूर्वी बांधलेले, पुढे मालगुजारांच्या ताब्यात आलेले, आणि मालगुजारी गेल्यावर सरकारी कागदांत माजी मालगुजारी तलाव झालेले. लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. तलाव सरकारी झाला, हे काकाजींना मान्य नाही. तलावाच्या पाळीवर उभे राहून ते आजही 'आपला तलाव' म्हणतात, आणि पाण्यात जाळं टाकून उभा असलेला ढिवर त्यांच्याकडे पाहून हसतो. तो तलाव लिलावात त्याच्या सोसायटीने घेतलेला असतो. तरी जाताना तो काकाजींच्या पिशवीत मूठभर झिंगे टाकतो. याला मालगुजारी म्हणावं की शेजारधर्म, हे ज्याचं त्याने ठरवावं.

रात्री चिन्नोरचा भात, लाखोळीची डाळ, कैरी-कांद्याचा तक्कू. भंडाऱ्याच्या चिन्नोरला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून काकाजी भात वाढताना वाढणाऱ्याला थांबवून त्याचा वास घ्यायला लावतात. भूक लागलेल्या माणसाला याचा किती राग येतो ते त्यांना कळत नाही. जेवण झालं की अंगणात बाजा. पुण्याचा भाचा आभाळाकडे पाहत म्हणतो, "काकाजी, आमच्याकडे असं उघड्यावर झोपायला लोक रात्रीचे तीन हजार देतात." काकाजी उठून बसतात. त्यांची झोप संपली. सकाळी न्हाव्याकडे हा आकडा पाच हजार झालेला असतो, दुपारी पारावर आठ. संध्याकाळी काकी भाच्याला विचारतात, "तुमचे झाले किती मग? तीन दिवसांचे लावू का?"

अशा घरातून आमंत्रण आलं तर नाही म्हणू नका. फक्त चैत्रात जा. मेअखेरच्या नवतप्यात काकाजी स्वतःच नागपूरला मुलीकडे डोळे तपासायला गेलेले असतात. मोहाच्या झाडाखाली वाकायची तयारी ठेवा, आणि घरी आल्यावर निदान रांजण तरी तुम्हीच भरा. आणि रेल्वेने जाणार असाल तर एक ध्यानात असू द्या: भंडारा रोड हे स्टेशन भंडाऱ्यात नाही, वरठीला आहे. काकाजी फोनवर "इथंच तं आहे, दोन पावलं" म्हणतील. रिक्षा आधीच ठरवून ठेवा.