सायबाची मेणबत्ती आणि काकींचा मुख्यमंत्री

तीन दिवस मी वईकडे फिरकले नव्हते. घरातून विहिरीकडे जाणारी वाट शेजारच्या काकींच्या वईला चिकटून जाते, म्हणून मी धुणंसुद्धा गच्चीवर नेऊन वाळत घालत होते. सासूबाईंनी विचारलंच, "गोव्याहून आल्यापासून तुला खालचं ऊन पुरेनासं झालं का गं?"

आमच्या वसईत दोन वाड्यांच्या मध्ये भिंत दिसली की समजावं, इथे भांडण झालंय. वई दिसली की समजावं, बोलणं चालू आहे. आमची वई जास्वंदीची आहे. मधे एक भोक आहे, तिथे कधीकाळी मासेमारीच्या जुन्या जाळ्याचा तुकडा बांधलेला होता. त्या भोकातून आजवर ताक, विरजण, आजारी माणसाची पेज, लग्नाच्या पत्रिका आणि गावभरच्या बातम्या इकडून तिकडे गेल्या आहेत. अशी वई सोडून गच्चीवर जायचं म्हणजे कारण तसंच असणार.

कारण होतं अकरा रुपयांचं. २७ नोव्हेंबरला, बुधवारी पहाटे आम्ही निघालो तेव्हा काकींनी रुमालाच्या गाठीत बांधलेले अकरा रुपये माझ्या हातात दिले होते. "गोंयच्या सायबापुढे माझ्या नावाची एक मेणबत्ती लाव. गुडघ्यासाठी. बाकी काही मागणं नाही." मी मान डोलावली. आणि ५ डिसेंबरला रात्री उशिरा वसईला उतरून, घरासमोरच्या अंधारात किल्ली शोधताना पर्समधून ती गाठ जशीच्या तशी हाताला लागली.

साधी जत्रा असती तर 'पुढल्या वर्षी लावते' म्हटलं असतं. पण गोंयच्या सायबाचं, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरचं, शवप्रदर्शन दहा वर्षांनी एकदा होतं. तेव्हाचं २१ नोव्हेंबर २०२४ पासून ५ जानेवारीपर्यंत होतं, आणि पुढचं थेट २०३४ मध्ये. काकींचा गुडघा तेव्हाच अडुसष्ट वर्षांचा होता.

शुक्रवारी ऑफिसला निघाले तेव्हाही तोंड चुकवूनच. त्या दिवशी ६ डिसेंबर, चैत्यभूमीला निघालेल्या माणसांनी गाड्या भरलेल्या. लोकलच्या आमच्या ग्रुपमधल्या बायकांनी नऊ दिवसांत माझी जागा दुसरीला देऊन टाकली होती. मला चौथी सीट मिळाली, तीही भाईंदरनंतर. अंधेरीला ऑफिसात गेले तर माझी खुर्ची बदललेली. कुरकुरणारी खुर्ची माझ्या टेबलाशी आणि माझी बरी खुर्ची समोरच्याच्या बुडाखाली. आपण नसताना काम अडलं असेल अशी एक गोड समजूत घेऊन माणूस रजेवरून परत येतं. काही अडलेलं नव्हतं. फक्त साठलेलं होतं.

रविवारी, आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारचा मिस्सा करून देवळातून आलो. आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. साडी बदलून, नाचणी भिजत घालायला मडकं घेऊन विहिरीवर गेले आणि जास्वंदीतून आवाज आला.

"आली का परदेशी पाहुणी?"

"काकी, अहो, गोवा परदेश कसला!"

"तीन दिवस तोंड दाखवलं नाहीस, म्हणून म्हटलं, पासपोर्टाचं काही अडलं असेल."

सुटका नव्हती. मी लगेच गोव्याचे खाजे पुढे केले. "घ्या, फेस्ताच्या फेरीतले. गूळ, आलं, तीळ, सगळं चालेल तुम्हाला."

"मला चालेल, दातांना विचारायला हवं." काकींनी पुडा घेतला, हुंगला आणि कमरेशी खोचून ठेवला. "हे बघ, आधी तुझा हिशेब. पोस्टमननं दोन लिफाफे टाकले, विजेचं बिल आलं, 'सुवार्ता'चा अंक आला. अंक मी वाचून ठेवलाय. फादर दिब्रिटो नाहीत तर अंक हातात घेताना चुकल्यासारखं होतं बघ. जुलैमध्ये गेले, नाही का? साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झालेला माणूस, पण हिरव्या वसईसाठी रस्त्यावर उतरायचा."

"त्यांच्याशिवायचा पहिलाच नाताळ," मी म्हटलं. दोघी क्षणभर गप्प झालो. गप्प राहणं काकींना फार वेळ झेपत नाही.

"निर्मळच्या जत्रेला जाऊन आले. तू निघालीस त्याच्या आदल्या दिवशीच कार्तिक वद्य एकादशी होती. तुझ्यासाठी सुकेळी आणलीयत. राजेळीचीच आहेत, मी दोन खाऊन बघितली. म्हणजे चार. आणि ऐक, खालच्या आळीतल्या त्या दोघांचं जमलं. लग्न नाताळानंतर. आगमनकाळात तुमच्यात लग्नं नसतात म्हणून मुलाची आई दिवस मोजत बसलीय. मुलगी काय, तिच्या घरच्यांना तीन वर्षांपासून माहीत होतं, आम्हालाच आज कळलं, असा आव आणतायत."

"तुम्हाला कधी कळलं?"

"मला चार वर्षांपासून माहितीय."

मी मडकं खाली ठेवलं. अशा बातमीला मडकं हातात धरून ऐकण्यात अर्थ नसतो.

"आणि पोरं गोठा बांधतायत कोपऱ्यावर," काकी म्हणाल्या. "यंदा डोंगर मोठा करणार म्हणे. गोणपाटं मागायला आली होती. आकाशाला निळं कापड हवं होतं." इथे त्यांनी जास्वंदीचं एक फूल उगाच तोडलं. "तुझी दोरीवर एक निळी चादर होती ना..."

"माझी? कोल्हापूरहून आणलेली?"

"आता ती चादर नाही, आकाश आहे. सहा जानेवारीला तीन राजे येऊन गेले की परत मिळेल. चांदण्या चिकटवल्यायत, त्या धुतल्यावर निघतील."

मी रागवायला हवं होतं. पण पर्समधली गाठ आठवली आणि राग गिळला. मग काकींनी गोव्याचं विचारलं. मी सांगत सुटले, कारण सांगत राहिलं की मेणबत्तीचा विषय पुढे ढकलता येतो. ऑगस्टअखेर सुरू झालेली ती वांद्रे–मडगाव गाडी वसईहूनच मिळाली, करमळीला उतरलो की जुनं गोवं जवळच. सायबाची पेटी एरवी बॉम जेझुस बासिलिकेत वर असते, ती यावेळी समोरच्या से कॅथेड्रलमध्ये आणलेली. तीन तास रांग. सासूबाईंना पुढून घेतलं, आम्ही दोघं मागे. ३ डिसेंबरच्या फेस्ताला तर पाय ठेवायला जागा नव्हती. रांगेत आमच्यापुढे एक मंगळसूत्र घातलेली बाई आणि मागे एक कोकणी बोलणारी म्हातारी. दोघींच्या हातात सारख्याच मेणबत्त्या.

मेणबत्ती हा शब्द तोंडातून गेला आणि मी जीभ चावली. काकींचं लक्ष दुसरीकडे होतं.

"गेला कुठे होता हा मरायला?"

"चीनला निघाला होता. चीनच्या दारात सांचियान बेटावर जहाजाची वाट बघत राहिला आणि तिथेच ३ डिसेंबर १५५२ ला गेला. देह मलाक्कामार्गे १५५४ मध्ये गोव्याला आणला."

"म्हणजे मेल्यावरही दोन वर्षं प्रवास! आणि तू नऊ दिवसांनी दमलीस म्हणून तीन दिवस गच्चीवर धुणं घालतेस." काकींनी सगळं पाहिलेलं होतं. "आपला गोन्सालो गार्सियाही तसाच की. वसईत जन्मला आणि जपानात जाऊन मेला. घरी परतला नाही तो नाहीच. अशा माणसांचं संतपद ठीक आहे गं, पण मागे त्यांच्या कोंबड्यांना दाणा कुणी घातला असेल?"

मला तेव्हाच संशय यायला हवा होता. दाण्याचा विषय आपोआप निघाला नव्हता.

"ऑफिसचं काय?" त्यांनी विचारलं.

"११ तारखेला जीएसटीचं एक विवरणपत्र, २० ला दुसरं, ३१ ला वर्षाचं. घरी साफसफाई, शंकरपाळे, करंज्या, नानकटाई. खुर्चीसुद्धा बदलली माझी."

"म्हणजे तुमचा येशू वीस आणि एकतीसच्या मधे कसाबसा जन्माला येणार." काकींनी भोकातून एक पातेलं सरकवलं, वर केळीचं पान. "घे. उकडहंडी आहे. कोनफळ, रताळं, वालपापडी. तुझा फ्रीज रिकामा असणार. आणि हा सोऱ्या. दिवाळीपासून धुऊन पुसून ठेवलाय. चकलीची चकती आतच आहे, हरवू नकोस."

हा सोऱ्या वर्षातून दोनदा वई ओलांडतो. दिवाळी झाली की तिकडून इकडे आणि नाताळ झाला की इकडून तिकडे. एकाच सोऱ्यातून दोन सणांच्या चकल्या पडतात, आणि काकींच्या भाजणीशिवाय आमच्या चकलीला काटा येत नाही. तो जड पितळी सोऱ्या हातात आला आणि माझ्याच्याने राहवेना.

"काकी, मी तुमची मेणबत्ती लावायला विसरले."

पुढे काय येईल या भीतीने मी विहिरीकडेच बघत होते. काकी काहीच बोलेनात. वर बघितलं तर चेहऱ्यावर राग नव्हता. चक्क सुटल्याचा आनंद होता.

"विसरलीस?" त्या वईला रेलल्या. "पूर्ण विसरलीस?"

"गाठसुद्धा सोडली नाही. हे बघा."

"मग बरं झालं. मलाही तुझ्याशी एक बोलायचंय. तुझ्या कोंबड्याबद्दल."

आमचा तांबडा कोंबडा नाताळासाठी राखलेला होता. सहा महिन्यांपासून कण्या घालून. आम्ही नसताना त्याची आणि तीन कोंबड्यांची जबाबदारी काकींवर होती.

"मेला?" मी घाबरून विचारलं.

"जिभेला हाड! माझ्या ओटीवर बसतो. भात खातो. मुख्यमंत्री म्हणून हाक मारली की येतो."

"मुख्यमंत्री?"

"तू गेलीस तेव्हा निवडणुकीचा निकाल लागून गेला होता, २३ तारखेला. पण राज्याला मुख्यमंत्री कोण, ते ठरेना. म्हटलं, आपल्या आवाराला तरी एक असू दे. परवा गुरुवारी तिकडे आझाद मैदानात शपथ झाली, इकडे मी याला वालपापडीचे दाणे घातले. आता शपथ घेतलेल्याला कापतेस कशी?"

"काकी, पाहुणे यायचेत नाताळाला."

"मटण आण. मला विचारशील तर मी यंदा काहीच खाणार नाही. परवाच मार्गशीर्षाचा पहिला गुरुवार झाला. शेवटचा २६ तारखेला, आणि अमावस्या थेट ३० ला. तुमचा आगमनकाळ, आमचा मार्गशीर्ष. दोन्हीकडे उपास, मधे हा एकटा जीव टांगलेला." त्यांनी आवाज खाली केला. "तू माझी मेणबत्ती विसरलीस. दहा वर्षं थांबायला मी तयार आहे. तू कोंबडा विसर."

सौदा सरळ होता, तरी मी थोडी ताणून धरणार होते. पण गोव्यात ऐकलेली एक गोष्ट माझ्याच तोंडून निसटली. पोर्तुगीज लोक नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला 'मिसा दु गालु' म्हणतात, म्हणजे कोंबड्याचा मिस्सा. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत त्यांच्याच हातात होती, तेव्हा इथल्या देवळांतही तो शब्द घुमला असणार.

काकींनी दोन्ही हात कमरेवर ठेवले. "कोंबड्याचा मिस्सा करून यायचं आणि घरी येऊन कोंबडाच जेवायचा? तुमच्या फादरला विचारते मी."

फादरपर्यंत प्रकरण जाऊ द्यायचं नव्हतं. मुख्यमंत्र्यांना अभय मिळालं.

"आणि मेणबत्तीचं म्हणशील तर," काकी जाताना वळून म्हणाल्या, "इथल्या देवळात लाव. सायब वसईला येऊन गेलाय ना? मग त्याला पत्ता ठाऊक असेल."

सोमवारी पहाटे साडेचारला वईपलीकडून अशी बांग आली की घड्याळाच्या गजराला वाजायची गरजच उरली नाही. चहा झाला, डबा झाला, शंकरपाळ्याचं पीठसुद्धा मळून ठेवलं. नेहमीच्या आधीची गाडी पकडायची म्हणून लवकर निघाले आणि वाटेत देवळात शिरले. गाठ सोडली. अकरा रुपयांत माझे थोडे घातले आणि सायबाच्या तसबिरीपुढे दोन मेणबत्त्या लावल्या, एक गुडघ्यासाठी, एक कुरकुरणाऱ्या खुर्चीसाठी.

गाडीत खाज्यांचा पुडा फिरवला. वसईच्या पुढे नायगाव यायच्या आत खिडकी मिळाली.

पण हे सगळं व्हायच्या आधी, फाटकातून बाहेर पडताना, अंधारात जास्वंदीमागून आवाज आला होता.

"डबा घेतलास का गं?"

"घेतला."

"आणि संध्याकाळी येताना कण्या आण. साहेबांना कालचा भात आवडला नाही."