अंगठा उमटेपर्यंत

नुकसानभरपाई मंजूर झाल्याची बातमी पेपरात आली की घरात हायसं वाटतं. पैसे मात्र त्यानंतर कितीतरी दिवस येत नाहीत.

शेतात पंचनाम्याला तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहाय्यक येतात. नुकसान ३३ टक्क्यांच्या वर असेल तरच नाव यादीत चढतं. मग तालुक्याहून विशिष्ट क्रमांकाची यादी लागते आणि तो क्रमांक घेऊन सेवा केंद्रावर ई-केवायसीला जायचं. आमची अडचण इथून सुरू होते.

सातबारा आईच्या नावावर आहे. हंगामभर मिरची तोडून तिची बोटं गुळगुळीत झालीत. यंत्रावर अंगठा ठेवला की लाल दिवा. पदराने पुसून ठेवला, पुन्हा लाल. केंद्रावरचा मुलगा म्हणाला, "मावशी, हात धुऊन या." ती धुऊन आली. तोवर सर्व्हर गेला. अशा तीन खेपा झाल्या. प्रत्येक खेपेला दोघांचं एसटीचं भाडं गेलं आणि दोघांचा रोज बुडाला.

आता रकमेचा हिशेब करा. मे २०२५ च्या दराने कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये, म्हणजे एकरी साधारण ३,४००. त्यातून तीन खेपा वजा करायच्या. शिवाय हा दरही एका जागी राहत नाही. जानेवारी २०२४ मध्ये तो १३,६०० होता आणि मर्यादा तीन हेक्टरची होती. मे २०२५ मध्ये ८,५०० वर आणि दोन हेक्टरवर आला. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या मदत पॅकेजात रक्कम पुन्हा वाढली. पाऊस कोणत्या महिन्यात पडला यावर आमची किंमत ठरावी, हे मला पटत नाही.

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवरच्या माणसाचं याहून अवघड. नेटवर्क मिळायलाच त्याला डोंगर उतरून यावं लागतं. सातबाऱ्यावर 'सिंग' आणि आधारवर 'सिंह' एवढ्यावरून कागद अडतो. जमीन सामाईक असेल तर सगळ्या भावांचं संमतीपत्र लागतं, आणि त्यातले दोघे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत गेलेले असतात. वनपट्टा कसणाऱ्या अनेकांकडे तर दाखवायला सातबाराच नसतो.

पडताळणी नकोच, असं माझं म्हणणं नाही. खोटी नावं घुसतात, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण पंचनाम्याच्या दिवशी सरकारची तीन माणसं बांधावर उभी असतात, शेतकरीही तिथेच असतो. ओळख तेव्हाच का पटवत नाहीत? अंगठा उमटत नसेल तर आधारमध्ये बुबुळांचीही नोंद आहे, ते यंत्र सोबत आणा. नावातला फरक तलाठ्याने तिथेच लिहून घ्यावा. तो माणूस कोण आहे, हे सगळा पाडा सांगेल.

ऑक्टोबर २०२५ मध्ये शेतकरी ओळख क्रमांक असलेल्यांना ई-केवायसीतून सूट मिळाली. ती एका पॅकेजपुरती न ठेवता कायमची करा. ज्यांच्याकडे तो क्रमांक नाही, त्यांच्यासाठी महसूल खात्याने पाड्यावर शिबिर लावावं, तेही ऊसतोडीच्या गाड्या भरायच्या आधी. दिवाळी उलटली की पाड्यावर म्हातारी माणसं तेवढी उरतात, आणि अंगठे त्यांचेच उमटत नाहीत.