यवतेश्वरचा घाट धावत चढल्यासारखं दिसण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

प्रस्तुत मार्गदर्शन सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये उतरणाऱ्या हौशी मंडळींसाठी आहे. ज्यांना घाट खरोखरच धावत चढता येतो त्यांनी हे वाचण्यात वेळ घालवू नये. त्यांचा आपला संबंध शर्यतीत दोन सेकंदांपुरता येतो, त्याबद्दल पुढे सांगितलंच आहे.

स्पर्धा २०१२ पासून भरते. डोंगरात एका वेळी सर्वाधिक माणसं धावल्याबद्दल २०१५ साली तिचं नाव गिनीज बुकातही गेलं. तिथे ‘धावल्याबद्दल’ हा शब्द नोंदणाऱ्यांनी उदार मनानं वापरलेला आहे. शहरातून निघायचं, समर्थ मंदिराकडून यवतेश्वरच्या घाटाला लागायचं, कासच्या रस्त्यानं वर जायचं आणि अर्ध्यावरून वळून त्याच वाटेनं परत यायचं. अंतर एकवीस किलोमीटर आणि वर साडेसत्त्याण्णव मीटर. याच्या दुप्पट, म्हणजे पूर्ण मॅरेथॉनचं बेचाळीस किलोमीटर एकशे पंचाण्णव मीटर हे विचित्र अंतर १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमधलं. तिथली शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून निघाली होती. राजवाडा साताऱ्यातही आहे, पण त्या साडेसत्त्याण्णव मीटरांची तक्रार तिथे घेतली जात नाही.

पूर्वतयारीविषयी थोडक्यात. पुणेकरांनी सिंहगड आणि वेताळ टेकडी सोडू नये. मुंबईकरांची अडचण अशी की त्यांच्याकडे चढ म्हणून पेडर रोड दाखवतात. त्या उंचीला साताऱ्यात गतिरोधक म्हणतात. तेव्हा उड्डाणपुलांवर भागवा, किंवा राहत्या इमारतीचे जिने वापरा. जिन्यात शेजारी भेटतात आणि ‘लिफ्ट बंद आहे का?’ विचारतात, घाटात येणाऱ्या प्रश्नांचा सराव तिथेच होतो. नवे बूट शर्यतीच्या दिवशी घालू नयेत हे सर्वांना माहीत असतं आणि दरवर्षी लोक घालतात.

आदल्या दिवशी बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांक, घ्यायला गेल्यावर चेहरा विचारमग्न ठेवावा. कुणी ‘टार्गेट काय?’ विचारलं तर मनातल्या वेळेत अर्धा तास मिळवून तो आकडा सांगावा आणि ‘एन्जॉय करायला आलोय’ असं पुढे जोडावं. रात्री साताऱ्यात कंदी पेढ्यांची दुकानं उघडी असतात. ‘कार्बोहायड्रेट लोडिंग’ या शब्दाचा शोध अशाच प्रसंगांसाठी लागला असावा.

आता मुख्य विषय, म्हणजे चालणं.

शर्यत सुटताच सगळे धावतात. गावातले लोक पहाटे दारात येऊन टाळ्या वाजवत असतात, पोरं हात पुढे करून उभी असतात, कुठे ढोल-ताशा असतो. त्या भरात माणूस आपल्या लायकीपेक्षा किलोमीटरमागे मिनिटभर वेगानं जातो. या मिनिटाची वसुली घाट करतो. म्हणून समर्थ मंदिर मागे पडेपर्यंत तोंडानं पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच वेगात राहावं. घाट लागला की घड्याळातला वेग बघणं सोडावं. पावलं आखूड, नजर पाच-दहा पावलांवर, झुकायचं ते कमरेत न मोडता घोट्यापासून. इतकं करूनही तिसऱ्या-चौथ्या वळणाला पाय आपसूक चालू लागतात. घाबरू नये. उभ्या चढावर आपल्यासारख्यांचं धावणं आणि झपाझप चालणं यांच्या वेगात फारसा फरक नसतो, आणि चालताना दम बराच वाचतो; डोंगरातले पट्टीचे धावपटूही ठरवून चालतात. फरक इतकाच की ते चालतात त्याला डावपेच म्हणतात.

तेव्हा आपलंही चालणं डावपेचासारखं दिसलं पाहिजे. हात कोपरात वाकलेले ठेवावेत. लोंबते हात माणसाला उघडं पाडतात. कमरेवर हात तर कधीच नाही, ती पराभवाची जाहीर कबुली आहे. धावण्याकडून चालण्याकडे येताना आधी घड्याळाकडे पाहावं, मान हलवावी आणि मग चालू लागावं, म्हणजे बघणाऱ्याला हे सगळं वेळापत्रकानुसार चाललंय असं वाटतं. बुटाची नाडी पूर्ण शर्यतीत एकदाच सुटू शकते, हे लक्षात घेऊन ती संधी जपून वापरावी. ऐन पावसाळ्यात घाट हिरवागार असतो, दरीतून धुकं वर येतं आणि खाली साताऱ्यावर अजिंक्यतारा किल्ला दिसतो. निसर्गप्रेमाचा झटका येण्यासाठी यापेक्षा सोयीच्या जागा महाराष्ट्रात कमी असतील.

छायाचित्रकार बहुतेक वळणावर दबा धरून असतात. ते ओळखण्याची खूण: पुढचे पन्नास लोक एकाएकी धावू लागतात आणि हसू लागतात. आपणही तेच करावं. कॅमेऱ्याच्या मागे जाईपर्यंत थांबू नये, मागून येणाऱ्याच्या फोटोत आपलं चालणं येतं.

साधारण सातव्या किलोमीटरला शर्यतीतले पहिले वीर खाली उतरताना समोर येतात. तुमचा सातवा, त्यांचा चौदावा. हेच ते दोन सेकंद. या वेळी बाजूला होऊन टाळ्या वाजवाव्यात. टाळ्या वाजवणाऱ्या माणसाला ‘का थांबलात?’ असं कुणी विचारत नाही, आणि समोरच्याला खरोखरच त्या हव्या असतात.

स्थानिकांशी बोलताना मात्र कुठलाही डावपेच चालत नाही. ‘पाव्हणं, वरनं पुन्हा हितंच यायचंय नव्हं? मग गेलासा कशाला?’ या प्रश्नाचं उत्तर क्रीडाशास्त्राकडे नाही. कठड्याशी बसलेली एखादी आजी ‘बस की बाळा जरा, कुणी मागं लागलंय का?’ असं म्हणाली तर हसून पुढे जावं. बसू नये. बसलेला माणूस उठवायला स्वयंसेवक लागतात.

घाट संपला असं वाटलं तरी वळणाची खूण येईपर्यंत रस्ता वर-खाली होतच राहतो. यवतेश्वरला आनंद व्यक्त करून ठेवलेल्यांची इथे फार पंचाईत होते. आणखी एक सूचना: हा रस्ता कासला जातो, पण आपण जात नाही. फुलांसाठी प्रसिद्ध असलेलं कासचं पठार साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर आहे आणि आपण साडेदहालाच वळतो. सोमवारी कार्यालयात ‘फुलं कशी होती?’ असं विचारलं जाईल. उत्तर तयार ठेवा.

उताराबद्दल हौशी धावपटूंमध्ये एक गोड गैरसमज आहे की इथून पुढे फुकट. चढताना फुफ्फुसं बोंबलतात, उतरताना मांड्या काहीच बोलत नाहीत, हाच धोका. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावण्याचं काम करतात आणि त्यात त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते. बिल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं. म्हणून लांब टांगा टाकून टाचेवर आपटत जाऊ नये. पावलं छोटी, गुडघे किंचित वाकलेले. घोट्याशी नाडी घट्ट हवी, नखं आदल्या आठवड्यात कापलेली हवीत, नाहीतर अंगठा बुटाच्या टोकावर आदळून काळानिळा पडतो. काळं नख कार्यालयात दाखवायची पद्धत आहे, पण ते सुंदर दिसतं हा समज घरच्यांनी अद्याप स्वीकारलेला नाही.

शेवटच्या सरळ रस्त्यावर उरलंसुरलं सगळं काढावं. मेडल गळ्यात पडल्यावर भारतीय बैठकीचं कुठलंही आसन दोन दिवस टाळावं; परतीच्या वाटेवर शौचालय निवडताना याचा विशेष विचार करावा. जिने उलटे, म्हणजे पाठमोरे उतरावेत. विनोद नाही, खरंच कमी दुखतं. फक्त कठडा धरा.

आणि पुढच्या वर्षीची नोंदणी सुरू झाली की मांड्यांना न विचारता लगेच अर्ज भरा. जागा फार लवकर संपतात.